उलटे आकडे आणि बाकावरची पाच माणसं

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. मुंबईला कामाला असलेल्यांच्या घरचे ट्रंक कॉल जोडण्यात दिवस जायचा. सुपरवायझर व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागे, आणि तिच्यात तर्काचा एक पेपर असे.

कुठल्याशा मासिकात मी वाचलं की, आकडे ऐकून उलटे म्हणायचा सराव केला की एकूण बुद्धीच तल्लख होते. मी हट्टाला पेटले. मी बांगडे साफ करत बसले की नवरा आकडे सांगायचा, मी उलटे म्हणायची. चार आकड्यांवरून नवावर गेले. एक्स्चेंजमध्ये मला नंबर लिहून घ्यावाच लागेना. "हिचं डोकं म्हणजे डिरेक्टरी!" मैत्रिणी म्हणायच्या आणि मी फुलून जायची.

परीक्षेत मात्र नेमकी तर्काच्याच पेपरात नापास झाले.

माझी नणंद शाळेत गणित शिकवायची. तिने मला एक कोडं घातलं. बाकावर पाच माणसं बसलीत, कोण कुणाच्या शेजारी नाही याच्या चार अटी. तर मधे कोण? मी चारही अटी शब्दन् शब्द म्हणून दाखवल्या.

"मग मधे कोण?"

मी पुन्हा पहिल्या अटीपासून म्हणायला लागले.

"वहिनी, अटी तुला पाठ झाल्या. पण एकीतून दुसरं काय निघतं, ते तू बघतच नाहीस. आकडे उलटे म्हणून आकडेच उलटे म्हणता येतात गो!"

फार लागलं मला. सहा महिन्यांची मेहनत होती ती. पण तिचं खरं होतं.

मग रोज संध्याकाळी ती एक कोडं द्यायची. पाटीवर बाक काढायचा, अशक्य ते खोडायचं, आणि का खोडलं ते मोठ्याने सांगायचं. पहिले दोन महिने मी चुकतच होते. एकदा मात्र तिचंच उत्तर बघून मी म्हटलं, "थांब. ही अट तू उलटी धरलीस. मधे हा बसूच शकत नाही."

तिने पुन्हा मांडून पाहिलं आणि पाटी माझ्या हातात दिली. "आता जा परीक्षेला!"

पुढच्या खेपेला मी पास झाले, तेही तर्कात सर्वांत जास्त गुण घेऊन. निकाल कळला तशी रजा टाकून थेट तिच्या शाळेत गेले. ती खडूने माखलेल्या हातांनी वर्गाबाहेर आली. पोरी खिडकीला लोंबकळून बघत होत्या. मला काय त्याचं! व्हरांड्यातच मी तिला कडकडून मिठी मारली.