जागा बघायला म्हणून वरवंडला

मी मुळातच संशयी. दूधवाल्यानं जास्त हसून रामराम केला, तर मी आधी दुधात बोट बुडवून बघते. मग आमच्या लेकीसाठी, वैशालीसाठी आलेल्या स्थळाला सगळे 'एकदम चांगलं' म्हणायला लागल्यावर माझी झोप उडणारच. मुलगा वरवंडचा, कारेगावला कंपनीत. आमच्यात पोरगी द्यायची तर आधी चौकशी करायची, आणि तीही गुपचूप. दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मी आणि आमचे हे शिरूरहून निघालो.

पहिल्या दिवशी कारेगाव. नगर रोडला पुण्याकडं जाणाऱ्या वडाप जीप सारख्या मिळतात, फक्त मागच्या बाकावर बसू नका. मुलगा जेवायचा त्या खानावळीत आम्ही मुद्दाम जेवलो. पिठलं झकास होतं.

"लय सालस पोरगं," खानावळवाली मावशी म्हणाली. "ताटात कवा काय टाकत न्हाई."

गिऱ्हाइकाला वाईट कोण म्हणेल? त्याच्या शेजारच्या खोलीतला बिहारी कामगार तर म्हणाला, "भैया एकदम सीधा आदमी है." इतकं सरळ माणूस जगात नसतं, असं मी ह्यांना परतताना बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चौफुल्याची एसटी धरली. डावीकडची खिडकी टाळा, ऊन लागतं. हंगामात जाणार असाल तर हाताशी जादा वेळ ठेवा, कारण न्हावरं सोडलं की पुढं उसाचे ट्रॅक्टर आणि मागं आपण. चौफुल्याला चहा-भजी वीस रुपयांत झाली. तिथून सोलापूर रोडच्या जीपनं वरवंड.

गावात सांगायचं काय, हे ठरलं होतं: जागा बघायला आलोय. मुलाच्या घराच्या आसपास घुटमळत होतो, तेवढ्यात अंगणात मेंढरांना पाला टाकणाऱ्या बाईनं हाक मारली. घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी दिलं.

"उन्हाचं आलासा. बसा, घर आपलंच हाय."

एवढं गोड? मी सावध झाले. जागेचं बोलता बोलता हळूच विचारलं, "समोरच्या घरातली सासू कशी आहे हो स्वभावानं?"

बाई पदर तोंडाला लावून हसली. "ताई, जागा बघाया येणारा आधी पाणी ईचारतो. तुम्ही सासू ईचारली! तिथं माझी जाऊ ऱ्हाती. तुम्हाला पायजे ती सासू म्या."

ह्यांना ठसका लागला. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"लाजता कशापायी? लेक द्यायची म्हंजी धा ठिकाणी ईचारावं. त्या पल्याडच्या आप्पांना ईचारा. आमचं त्यांचं बांधावरनं वाकडं हाय. बोलणं बंद हाय."

वैऱ्याचं घर स्वतःहून दाखवते, म्हणजे नक्की काहीतरी डाव! मी तडक आप्पांकडं गेले.

आप्पा आधी बांधावरून तावातावानं बोलले. मग एकदम थांबले. "माझी हीर कोरडी गेली, तवा समदी मजा बघाया आली. ती बाई एकटी म्हणाली, 'भावजी, लागंल पाणी. आधी जेवून घ्या.' पाणी न्हाई लागलं. पण त्ये बोलणं अजून ध्यानात हाय. बांध मी सोडणार न्हाई. तुम्ही मातुर लेक डोळं झाकून द्या."

परतीच्या जीपमध्ये मी म्हणाले, "दोघांनी संगनमत केलं असेल."

"भांडण ठरवून करतं का कुणी?" हे वैतागले.

घरी वैशाली दारातच उभी होती. सकाळपासून पोटात अन्नाचा कण नव्हता पोरीच्या. "कशी आहेत माणसं?"

सांगायला माझ्याकडं शंका ढीगभर होत्या. पण तोंडून निघालं, "तुझ्या सासूनं मला पकडलं, तरी पाणी पाजलं. तू सुखात राहशील तिथं." ती माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले.

वैशाली आज तिथंच नांदतेय. आप्पांचं भांडण मिटलेलं नाही, विहिरीलाही पाणी नाही. मी फोनवर लेकीला अजून आडून आडून विचारते, सासू नीट वागते ना? परवा तिच्या हातातून सासूनंच फोन घेतला.

"ताई, ईचारा की मलाच! पर आधी सांगा, जेवलासा का?"

जेवले नव्हतेच मी. तिला हे कुणी सांगितलं, त्याची चौकशी चालू आहे.