व्याह्यांच्या मालाची तपासणी

मुलीच्या साखरपुड्याच्या आठवड्यातच भोसरीहून भावी व्याह्यांच्या कारखान्यातली खेप आमच्या चाकणच्या कंपनीत आली. मधोमध भोक असलेले लोखंडी बुश होते. तपासायचे मी.

एकाच माणसाने मुलीचा बाप आणि मालाचा तपासनीस असू नये, हे कोणत्याही न्यायाला पटेल. हितसंबंध गुंतल्यामुळे मला या कामातून मुक्त करावे, असा अर्ज मी शेजारच्याच खोलीतल्या व्यवस्थापकांना दिला आणि पोचही घेतली. लेखी उत्तर द्यायचे सोडून ते दारातून म्हणाले, "काका, लग्न लागलंय का? मग अजून नातं नाही. तपासा."

संताप अनावर झाला, कारण मुद्दा बिनतोड होता.

माप तपासायच्या गेजचे एक टोक भोकात गेलेच पाहिजे आणि दुसरे जाताच कामा नये. त्या बुशांत दोन्ही टोके बिनबोभाट जात होती. मी सहीनिशी सगळी खेप परत पाठवली.

रविवारी साखरपुड्याला चिंचवडच्या मंगल कार्यालयात व्याही गाल फुगवून आले. वरपक्षाने रुसावे ही रीत. पण रुसावे ते मानपानावर, मालावर नव्हे. म्हणून ते आधी चहावर रुसले आणि मग आम्ही दिलेल्या मानाच्या टोपीवर. ती त्यांच्या कानांपर्यंत उतरली होती.

"माप चुकलंय," ते म्हणाले. "परत न्या."

"कारण लेखी द्यावे," मी म्हणालो.

सौभाग्यवतींनी मला चिमटा काढला. गुरुजी घड्याळाकडे पाहत होते. मुलगी पाटावर बसून माझ्याकडे बघत होती आणि तिचे लग्न एका टोपीवर अडले होते. मी उभा राहिलो.

"तपासनीस म्हणून मी माल नाकारला. पुन्हा तसाच आला, तर पुन्हा नाकारीन. मुलीचा बाप म्हणून आपल्याला वाकून नमस्कार करतो. आपण या दोघांपैकी कोणावर रुसलात, ते स्पष्ट करावे."

व्याह्यांनी टोपी वर सरकवली. "आणि लग्न लागल्यावर?"

"नाते सिद्ध होते. मग आपल्या मालाला हात लावण्याचा अधिकार मला उरत नाही."

"गुरुजी," व्याही अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "लग्नाला सगळ्यांत जवळचा मुहूर्त कोणता?"

"मुहूर्त कसले बघताय?" विहीणबाई मागून कडाडल्या. "आधी भोकं नीट पाडा की."

पहिल्यांदा व्याहीच हसले आणि मग सारे कार्यालय. मी खांद्यावरचा शेला हातात धरून उभ्याउभ्या डुलत होतो. हसून हसून डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि 'सभ्य गृहस्थहो' यापलीकडे शब्द फुटत नव्हता. गुरुजींनी अंगठ्या मागितल्या.

"बाबा, बसा आता," मुलगी म्हणाली.

मी बसलो. हसू आवरण्याची सक्ती करणारा कोणताही नियम मला त्या वेळी आठवला नाही.