ब्रेकच्या परीक्षेला आई

जगात गाडी समजलेला माणूस एकच आहे आणि तो म्हणजे माझे साडू, असं माझ्या साडूंचं प्रामाणिक मत आहे. कंपन्यांना गाडी बनवता येते, समजत नाही, असं ते गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून सांगतात. मी शाळामास्तर असूनही मान डोलावतो, कारण माझी जुनी गाडी त्यांच्याच भरवशावर पवनीहून लाखांदूरला येते-जाते. गावाबाहेर धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात तिथे त्यांचं गॅरेज आहे. गाड्या दुरुस्त करणं हा तिथला जोडधंदा, मुख्य काम शिकवण्याचं. आसगावपासून पार तिकडे चिखल्यापर्यंतची पोरं शिकायला येतात आणि पहिले पंधरा दिवस कुणाच्या हाती पाना लागत नाही. "गाडीले पाचच कामं असतेत," साडू बोटं मोजतात, "पेटणं, फिरणं, थंड राहणं, वळणं अन् थांबणं. कोणतं काम अडलं ते आंधी सांग, मंग हात लाव." पोरगं म्हणतं, गाडी गरम होऊन राहिली. साडू विचारतात, उभी असताना का चालताना? उभी असताना तापत असेल तर आधी पंखा पाहायचा. चालताना तापत असेल तर पाणी, नळ्या, रेडिएटर. एवढं सांगता येईपर्यंत बॉनेट उघडत नाही. गिऱ्हाईक बिचारं घड्याळ बघत बसतं, पण त्यालाही सुटका नाही. काय बिघडलं होतं हे स्वतःच्या तोंडाने सांगितल्याशिवाय त्याला किल्ली मिळत नाही. एका सरकारी साहेबांना क्लच कशासाठी असतो ते सांगता येईना, तर साडूंनी त्यांना चहा पाजून पहिल्यापासून शिकवलं. दुसऱ्या खेपेला साहेब पास झाले आणि जाताना चक्क नमस्कार करून गेले.

ही पाच कामं गाडीपुरतीच असती तरी चाललं असतं. भाचीसाठी आलेल्या स्थळाकडे साडू अर्धा तास गप्प बसून बघत होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "पोरगा लवकर पेटते, पण थांबत नाही. राहू द्या." पुढे तो मुलगा कसा निघाला मला ठाऊक नाही, पण त्या दिवशी सगळ्यांना ते पटलं होतं. डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं तेव्हा यांनी शांतपणे विचारलं, "पंप ठीक आहे ना? लाइनीत हवा तं नाही?" डॉक्टर हसले. साडू हसले नाहीत, कारण त्यांचा प्रश्न अगदी खरा होता.

थांबण्याचा विषय आला की मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. पायडल पायाखाली भुसभुशीत लागलं तर ब्रेकच्या नळीत हवा शिरल्याचा संशय धरायचा. मग एकाने पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा नट ढिला करून हवा बाहेर जाऊ द्यायची, नट आवळल्याशिवाय पहिल्याने पाय उचलायचा नाही. हे सगळं सांगून झालं की येई त्यांचा जगावेगळा नियम. ज्याने ब्रेक बांधले, त्याने स्वतःच्या आईला पुढच्या सीटवर बसवायचं, तलावाच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, उतार उतरायचा आणि खालच्या मोरीच्या अलीकडे गाडी थांबवायची. "पास-नापास मी नाही करत," ते म्हणत, "माय करते." चिखल्याच्या एका पोराचे ब्रेक उत्तम झाले होते. पण आई एसटीतून उतरून पदर सावरत येताना दिसली आणि त्याने "सर, एक मिनिट" म्हणून चारही चाकं पुन्हा खोलली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. माउली कडुलिंबाखाली बसून डबा खाऊन घरी परत गेली. साडूंनी त्याला परीक्षा न घेताच पास केलं आणि असा विद्यार्थी पुन्हा होणे नाही असं वर्षभर सांगत राहिले.

साडूंची आई त्यांच्या लहानपणीच गेली. त्यामुळे त्यांनी स्वतः बांधलेल्या ब्रेकवर बसायची त्यांची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही तिला ताई म्हणायचो. लग्नापासून प्रत्येक गाडीत ताई धुतलेलं लुगडं नेसून, मांडीवर पिशवी घेऊन, बाजाराला निघाल्यासारखी बसायची. मागल्या हिवाळ्यात ताई गेली. त्यानंतर साडूंनी ब्रेकला हात लावला नाही. बाकी सगळं चालू होतं, पण ब्रेकची गाडी आली की ते दुसऱ्या गॅरेजचा पत्ता देत. पोरं चार कामं शिकून बसली होती, पाचवं येईना. त्यातले दोघं सोडून जायची भाषा करू लागले. अर्धवट मेकॅनिक होऊन कोण राहील? शिकवणं बंद पडलं तर हा माणूस उरणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, "मी बसतो पुढे." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमी साडू, गुरुजी. तुमच्यासाठी माहा हात कायले थरथर कापन? भेव वाटलं पाह्यजे." मला वाईट वाटलं, पण मुद्दा बरोबर होता.

शेवटी आमची ही उठली. एका रविवारी माझीच गाडी गॅरेजसमोर उभी करायला लावली आणि म्हणाली, "भाऊजी, हिचे ब्रेक बांधा. मी बसते." साडूंनी पान्यांची पेटी ओढली. पोरांना भोवती उभं करून त्यांनी सकाळभर काम केलं, एकेक नट दोनदा तपासला. मग दोघं गाडी घेऊन पाळीवर गेली आणि आम्ही खाली मोरीपाशी थांबलो. पहिल्या खेपेला साडूंनी गाडी एवढी हळू उतरवली, की बाजूने चाललेली म्हैस पुढे गेली. पोरं फिदीफिदी हसली. हिने काच खाली करून सर्वांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ब्रेक तं लावूनच नाही पाह्यले, भाऊजी. पुन्हा चला." दुसऱ्या खेपेला गाडी धूळ उडवत आली आणि मोरीच्या चार पावलं अलीकडे गप्पकन थांबली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दोघं मात्र बराच वेळ उतरली नाहीत.

परतीच्या वाटेवर हिने मला सांगितलं. साडू स्टिअरिंग धरून समोर बघत बसले होते. एवढ्या वर्षांत न विचारलेलं त्यांनी विचारलं, "तुही ताई भेत होती काय वं?" ही म्हणाली, "कधीच नाही. तिले तं गाडीत झोप येत होती." तेव्हा साडू मोकळं हसले आणि उतरून पोरांना शिकवू लागले.

मी गाडी चालवत राहिलो. ब्रेकच्या दिवशी ताईला घास गिळवत नसे, हे हिला माहीत होतं आणि मलाही. ही खिडकीबाहेर बघत होती. ताईने तिला दर वेळी एकच गोष्ट बजावून सांगितली होती: "मले भेव वाटते हे त्याइले कळू नको देजो. हात कापन त्याइचा."