साहेब आले आणि गाणं थांबलं

गेवराईच्या गाण्याच्या स्पर्धेत मी परीक्षक होतो, सूत्रसंचालनही माझ्याकडेच. गिटार घेऊन आलेली ती पोरगी विशीतली असेल. स्वतः लिहिलेलं गाणं ती जॅझच्या अंगानं म्हणत होती. शब्द तालाच्या मागं रेंगाळायचा, आता चुकली असं वाटायचं, आणि ती हसत नेमकी समेवर यायची.

'काळी म्हणून नापसंत झाले मी,
गाडी मात्र त्याला काळीच पायजे.'

बाया टाळ्या पिटत होत्या. इतकं तयार, इतकं खट्याळ गाणं मी आमच्या भागात ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात आमदार साहेब आले. आमच्याकडं साहेब आले की सत्कार आधी. मी तिच्यापुढचा माइक उचलला. शाल, फेटा, भाषण, आणि मग घाईघाईत बक्षिसं. तिला उत्तेजनार्थ.

"सर, गाणं अर्धंच झालतं," ती म्हणाली.

"पोरी, कळलं आम्हाला, लई चांगलं होतं."

"कळलं, तरी माइक उचलला व्हय?"

आजवर मी हा किस्सा साहेबांना शिव्या घालत सांगितला. त्या शिव्या खरं तर माझ्या वाट्याच्या आहेत. कारण शाल घेताना साहेब माझ्या कानात म्हणाले होते, "कामून थांबवलं रे? लई भारी गात होती."