शाळेमागच्या गल्लीतली खोली

शाळेच्या क्लार्कबाईंनी चार वर्षांपूर्वी पोटच्या मुलीचा या शाळेत बदलून येण्याचा अर्ज स्वतःच्या हाताने बाद केला होता. घर शाळेच्या हद्दीबाहेर होतं, अवघ्या तीन गल्ल्या पलीकडे, पण नियम म्हणजे नियम. मुलगी जुन्याच शाळेत राहिली. बाईंचं मात्र नाव झालं आणि त्या नावावर त्या आजवर ताठ मानेने वावरल्या.

अशात धाकट्या जावेचा अर्ज टेबलावर आला. तिलाही लेकीला दुसऱ्या सरकारी शाळेतून इथे आणायचं होतं आणि पत्ता होता थेट शाळेमागच्या गल्लीतला. बाईंच्या पोटात दुखायला लागलं. माझ्या मुलीला जे मिळालं नाही ते हिच्या मुलीला? पत्ता खोटाच असणार.

"नात्यातलं प्रकरण आहे. घर बघायला दुसऱ्या कुणाला पाठवू का?" हेडसरांनी विचारलं.

"नको सर, मीच जाते." एवढ्या उत्साहाने बाई कधी पगार घ्यायलाही गेल्या नव्हत्या.

खोटं घर ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. लोक दाखवायला गाद्या आणून टाकतात, पण ओला टॉवेल टांगायचं विसरतात. न सांगता त्या सकाळी सातलाच दारात उभ्या राहिल्या.

टॉवेल ओले होते, तीनही. एका खोलीत खाट, शिलाई मशीन, खाटेखाली भांडी, आणि दीर गुडघ्यावर आरसा टेकवून दाढी करत होते. तीन खोल्यांचं घर सोडून ही माणसं इथे खरंच राहत होती. बाईंनी तरीही मोरीत डोकावून ब्रश मोजले.

"अडचण होत असेल ना गं?" त्यांनी आशेने विचारलं.

"होते की. पण ताई, तुमच्या मुलीच्या वेळी तुम्हीच सांगितलं होतं, शाळा पत्ता बघते. मग आम्ही पत्ता बदलला."

बाईंना हे तेव्हा सुचलं नव्हतं असं नाही. बाल्कनीचं हवेशीर घर सोडवेना, म्हणून त्यांनी नियम पुढे केला होता. अर्जावर 'प्रत्यक्ष राहतात' असं लिहिताना त्यांना जावेचा विलक्षण हेवा वाटला, आणि रागही आला.

संध्याकाळी मुलगी बाल्कनीत अभ्यासाला बसली होती.

"काकू खरंच तिकडे राहायला गेली?"

"गेली."

"मग आपण का नाही गेलो?"

बाईंना एकही नियम आठवेना.