मंदाताईंनी दादालाच विचारलं

माझ्या सख्ख्या भावाला कायमचं घराबाहेर ठेवायच्या फॉर्मवर मी सही केली होती.

तो फॉर्म आम्ही दिलाच नाही. मध्ये मंदाताई आल्या.

मंदाताई आज सकाळी गेल्या. हार्ट अटॅक.

माझा दादा, अविनाश. वय छत्तीस. ऑटिस्टिक. बोलतो मोजकंच. दापोडीच्या आमच्या घरात सकाळचं दूध तोच आणतो, कपडे तोच वाळत घालतो.

दीड वर्षापूर्वी तो अचानक स्वतःच्या गालावर बुक्के मारायला लागला. जेवण सुटलं.
आईनं हात धरला, तर तिला ढकललं. तिचं मनगट मोडलं.

लहानपणापासून जिथे दाखवायचो तिथे म्हणाले, "आम्ही अठरापर्यंतच बघतो."
मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "ऑटिझम? पण हे तर मोठे आहेत."

शेवटी झोपेच्या गोळ्या सुरू झाल्या, मग वाढत गेल्या. दादा दिवसभर झोपायचा. उठला की परत बुक्के.

कुणीतरी संस्थेचा फॉर्म आणून दिला. माझी चाकणला शिफ्ट, आईचा हात प्लास्टरमध्ये.
केली सही.

त्याच आठवड्यात माझा दात भरायला काळेवाडीच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये गेले. दादाला एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून सोबत नेला. तो बाहेर पायरीवर बसला. तिथल्या असिस्टंट मंदाताईंनी त्याला बिस्किट दिलं आणि बघत उभ्या राहिल्या.

आत येऊन मला म्हणाल्या, "ताई, तुमचं दादा उजवीकडनं चावतच न्हाईत."

"डॉक्टर म्हणतात बिहेवियरचा प्रॉब्लेम आहे."

"असंल. पर मानसाला दात बी असत्यात की."

बुक्के उजव्याच गालावर बसत होते. आम्ही रोज बघत होतो.

क्लिनिकचे डॉक्टर म्हणाले, हे तोंड उघडू देणार नाहीत, पूर्ण भूल द्यावी लागेल, मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिथे म्हणाले, असे पेशंट आम्ही घेत नाही.

मग मंदाताईच डॉक्टरांना म्हणाल्या, "सर, दुपारचं क्लिनिक बंदच असतंय. मला आठ-धा दुपारी द्या, दादास्नी सवय लावते."

डॉक्टरांनी इन्फेक्शनच्या गोळ्या सुरू केल्या आणि मंदाताईंनी मागितलेल्या दुपारीही दिल्या.

पहिल्या दिवशी दादा दारातूनच परतला. मंदाताई म्हणाल्या, "बरं. उद्या या."
दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्यूबलाइट बंद केली. तिचा आवाज त्याला सहन होत नाही, हे त्यांना दोन मिनिटांत कळलं.

आणि त्या माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलायच्या.
"अवीदादा, खुर्चीत बसायचं का नुसतं बघायचं?"
"नुसतं बघायचं."
"बघा मग. घाई न्हाई."

इतक्या वर्षांत कुठल्याही दवाखान्यात त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

पाचव्या दुपारी तो स्वतःहून खुर्चीत बसला. आरसा स्वतःच्या हातात धरून तोंड उघडलं.
खालची दाढ. आतून पूर्ण सडलेली. भोवती पू.

नवव्या दुपारी दाढ काढली. मंदाताईंच्या ॲप्रनचं टोक त्यानं घट्ट धरून ठेवलं होतं. उठल्यावर म्हणाला, "झालं."

आठवड्याभरात बुक्के थांबले. गोळ्या हळूहळू कमी झाल्या.
आईनं फॉर्म फाडला. मग ओट्यापाशी उभी राहून खूप रडली. मीही.

आज दुपारी दादाला सांगितलं. तो वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर एकटे."

मी म्हटलं, "एकटे नाहीत. मंदाताईंनी स्वतःच्या सुनेला सगळं शिकवलंय."

खरंच शिकवलंय. त्या क्लिनिकमध्ये आता गुरुवारची दुपार दादासारख्या मोठ्या माणसांसाठी राखीव असते. मागच्या गुरुवारी तिघं आले होते. एकजण तर पार चाकणहून, आईला घेऊन. सुनेनं त्यांना सांगितलं म्हणे, "घाई न्हाई."

मंदाताई, निवांत जा.
दादा घरी आहे. आत्ताच पोटभर जेवला.