फुलकोबीवरचा अंगठा

अर्जदार: मी स्वतः, अर्जनवीस, बैठक अंबडच्या कोर्टासमोरील पत्र्याचे शेड. गैरअर्जदार: माझे व्याही, विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, मूळचे भोकरदनकडचे, हल्ली मुक्काम मुलाकडे अंबड येथे. साक्षीदार: एक, माझी पत्नी, दोन, विहीणबाई, तीन, शेडशेजारचा चहावाला. घटनेचा दिवस: गेल्या हिवाळ्यातला एक बाजारवार. नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण मजकूर घरातला आहे आणि सोयरीक अजून चालू आहे.

अंबड तालुक्यात डोके प्रत्येकाला आहे. परंतु त्या डोक्याच्या आत काय काय आहे, याची बिनचूक माहिती असलेला इसम एकच, आणि तो सुदैवाने माझा व्याही आहे, हे मी या ठिकाणी प्रथम नमूद करतो. माझी त्यांच्याविरुद्ध तक्रार अशी की, ज्या गृहस्थांनी सोयरीक जमल्या दिवसापासून माझे एकही विधान कधी मान्य केले नाही, ते गेल्या हिवाळ्यापासून माझे प्रत्येक विधान मान्य करू लागले आहेत. ही स्थिती मला मंजूर नाही. ती बदलावी यासाठी हा खटाटोप आहे. आणि ते गृहस्थ कोण होते हे ठाऊक असल्याशिवाय माझे नुकसान वाचकांच्या ध्यानात येणार नाही, सबब सुरुवातीपासून सांगतो.

नोकरीत असताना व्याह्यांनी मुलांना मेंदू शिकवला. निवृत्तीनंतर मुले उरली नाहीत म्हणून त्यांनी तो आम्हाला शिकवायला घेतला. रोज सकाळी पिशवी घेऊन ते भाजीला निघत. विहीणबाईंनी काहीही आणायला सांगितलेले असो, हंगामात पिशवीत फुलकोबीचा एक गड्डा असायचाच, आणि घरी जाण्यापूर्वी तो गड्डा माझ्या टेबलावर यायचाच. पक्षकारासाठी ठेवलेल्या खुर्चीवर व्याही बसत, गड्डा डाव्या हातावर तोलत आणि समोर पक्षकार असो, वकील असो वा समन्स घेऊन आलेला बेलीफ असो, पाठ सुरू करीत. हे खालचे देठ. श्वास आणि काळजाचे ठोके याच्या ताब्यात, इथे तुमचाआमचा हुकूम चालत नाही. मागच्या बाजूला चहावाल्याकडचे एक लिंबू धरायचे. तो लहान मेंदू, तोल सांभाळणारा, ज्याच्या भरवशावर माणूस सायकल चालवता चालवता शेजाऱ्याशी भांडू शकतो. वरचा फुलोरा म्हणजे मोठा मेंदू, त्याचे डावे-उजवे दोन भाग, मधे दोघांना जोडणारा पूल. आणि गंमत अशी की डावा भाग उजवे अंग चालवतो, उजवा डावे. त्यावर चहावाला एकदा म्हणाला, "म्हणजे आमच्या ग्रामपंचायतीवाणीच हाय की सर, ह्या गल्लीचा मेंबर त्या गल्लीचं काम करतो." व्याही इतके खूश झाले, की पुढे हा दाखला ते स्वतःचा म्हणून देऊ लागले.

मेंदूला एवढ्या घड्या कशासाठी, हे समजावताना त्यांनी माझ्या टेबलावरचा एक कागद उचलला आणि मुठीत चुरगळला. एवढा मोठा कागद एवढ्याशा कवटीत मावायचा तर घड्या पडणारच, असे सांगून त्यांनी तो पुन्हा उलगडला व सर्वांना फिरवून दाखवला. तो कागद म्हणजे सामायिक विहिरीच्या वादात मी सकाळपासून रचलेला आणि पक्षकाराने नुकताच अंगठा उठवलेला अर्ज होता. पक्षकार आधी कागदाकडे, मग माझ्याकडे पाहू लागला. व्याही त्याला म्हणाले, "घाबरू नका. तुमच्या डोक्यात ह्याच्याहून जास्त चुरगळलेलं हाय, आन् तरी तुम्ही विहिरीचा वाटा बराबर ध्यानात ठेवलाय." तो अर्ज मला नव्याने लिहावा लागला. पक्षकार मात्र जाताना स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत गेला, आणि पुढच्या तारखेला त्याने आपल्या भावालाही पाठ ऐकायला आणले.

या पाठाचा शेवट ठरलेला असे. उजव्या हाताचा अंगठा गड्ड्याच्या डाव्या बाजूवर, जरा पुढच्या अंगाला, दाबून ते म्हणत, "आन् बोलणं इथं ऱ्हातं. बहुतेकांचं इथंच. हे गेलं तर माणूस शहाणा ऱ्हातो, पर मुका होतो." तो अंगठा एकाच जागी पुन्हा पुन्हा दाबला गेल्यामुळे गड्डा घरी पोचेपर्यंत तिथे काळा डाग उमटे. विहीणबाईंची तक्रार मी स्वतः ऐकली आहे: "रोज बोलायची बाजू कापून फेकावी लागते. घरात एक बोलणारा हाय तेवढा पुरे."

मला व्याह्यांनी कधी पक्षकाराइतकाही मान दिला नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झालेले असले तरी माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम बदलण्याची हिंमत या कोर्टाच्या आवारात कोणी करीत नाही, हे सर्वश्रुत आहे. असे असताना मी एकदा सहज म्हणालो की, आमच्या घराण्यात डोकी मोठी आहेत, मला तयार टोपी बसत नाही, बुद्धीचे कारण हेच असावे. व्याह्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि त्यांचे ते दोन शब्द उच्चारले, जे मी पुढे असंख्य वेळा ऐकले.

"साफ चूक. बुद्धी आकारात असती तर हत्तीनं कोर्ट चालवलं असतं, इवाई."

व्याह्याला त्यांच्या बोलीत इवाई म्हणतात. मग ते सौम्य झाले. बुद्धी कोणत्या एका कप्प्यात नसते, असे ते म्हणाले. ती कप्प्याकप्प्यांमधल्या वाटांत असते. रानातून एकदा चालले तर गवत दबते, रोज चालले तर पायवाट होते, आणि चालणे सोडले की गवत पुन्हा माजते. तान्ह्या मुलाच्या डोक्यात गरजेपेक्षा कितीतरी जास्त वाटा निघतात. ज्या वाटेने कोणी बोलले, गायले, हसले ती टिकते, बाकीच्या बुजतात. म्हणून लेकराशी बोलावे. त्याला कळत नाही म्हणून गप्प बसणारा माणूस त्याच्या वाटा बुजवतो. हे ऐकल्यावर मी माझ्या मोठ्या डोक्याचा विषय पुन्हा काढला नाही, परंतु टोपी अजूनही शिवूनच घेतो.

त्यांची ही विद्या केवळ बोलण्यापुरती नव्हती. माझ्या मुलीची बैठक झाली तेव्हा दोन्हीकडची मंडळी मानपानावर आलेली असताना व्याही मधेच म्हणाले की, लग्न वर्षभर थांबवावे. आमच्याकडील मंडळींचे चेहरे पडले. काही दोष निघाला काय, असे माझ्या थोरल्या बंधूंनी विचारले. व्याह्यांनी आपल्या मुलाकडे बोट केले आणि सर्वांसमक्ष सांगितले की, कपाळामागचा भाग, जिथे माणूस पुढचा-मागचा विचार करतो, तो सर्वांत शेवटी पिकतो, "आमच्या चिरंजीवाचा आत्ता कुठं पिकून राह्यला." नवरदेव मान खाली घालून पोह्यांत काहीतरी शोधू लागला. स्वतःच्या मुलात खोट दाखवून लग्न पुढे ढकलणारा वरपिता मराठवाड्यात दुसरा झाला असेल असे मला वाटत नाही. पुढच्या लग्नसराईत लग्न झाले. जावई आज इतका विचार करून वागतो, की साधा रुमाल घेतानाही दोन दुकाने फिरतो. वर्षभर थांबल्याचे सार्थक झाले, असेच म्हणावे लागेल.

पहिले बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे आमच्या घरी झाले, आणि नात जन्मली. तिला पाहायला व्याही आले ते नेमके टाळू भरण्याच्या वेळी. माझी पत्नी न्हाणीत पाय पसरून बसलेली, बाळ पायांवर, आणि तळहाताने टाळूवर तेल थापणे चाललेले. विहिणीच्या न्हाणीशी व्याह्याने जाऊ नये एवढी रीत ते पाळत. म्हणून ओसरीवरूनच त्यांनी आवाज दिला की, टाळू म्हणजे भोक नव्हे, तेल मेंदूपर्यंत जात नाही, हाडांचे सांधे मुद्दाम मोकळे ठेवलेले असतात, कारण आत मेंदू भराभर वाढतो आहे. हळू हात ठेवा, दाबू नका. पत्नीचा हात थांबला नाही.

"सर, ह्याच हातानं चार टाळू भरल्यात," आतून उत्तर आले. "त्यातली एक तुमची सून हाय. तिच्यात काही कमी दिसलं का?"

  व्याह्यांनी उलट विचारले, "तेल थापताना तुम्ही पोरीशी काय बोलून राह्यल्या?" पत्नी म्हणाली, काय बोलणार, उगीच आपलं, सोनं गं माझं, कुणाची गं तू. तेव्हा व्याही गंभीरपणे म्हणाले, "मंग भरा. तेल वरच राहील, बोलणं आत जाईल. फक्त दाबू नका." आणि आश्चर्य म्हणजे पत्नीने त्या दिवसापासून खरोखर हात हलका केला. माझ्या सांगण्यावरून तिने आजवर पोह्यांतले मीठही हलके केलेले नाही.

आता मूळ घटनेकडे येतो. गेल्या हिवाळ्यातल्या त्या बाजारवारी व्याही नेहमीप्रमाणे शेडमध्ये आले, बसले आणि पिशवीत हात घालून गड्डा काढू लागले. तो हाताला लवकर लागेना. मी म्हणालो, आज उशीर केला. त्यांनी तोंड उघडले, पण शब्द आला नाही. आला तो शब्दच नव्हता. ओठ एका बाजूला उतरला होता. उजवा हात मांडीवर पडून होता. चहावाला हातातली किटली तशीच धरून उभा राहिला. मी पाणी पुढे केले. व्याह्यांनी मान हलवून ते नाकारले, डाव्या हाताने पिशवीतून गड्डा कसाबसा बाहेर ओढला, टेबलावर ठेवला आणि त्याच हाताचा अंगठा त्याच्या डाव्या बाजूवर, जरा पुढच्या अंगाला, दाबला. मग माझ्याकडे पाहिले. पुन्हा दाबला.

या शेडमध्ये मी असंख्य अंगठे उठवून घेतले आहेत. इतका स्पष्ट मजकूर एकाही अंगठ्याखाली नव्हता.

माझ्या आधी चहावाला बोलला, "बोलायची बाजू. सरांची बोलायची बाजू गेली." गर्दी जमली. लकवा आहे, आधी चोळून घ्या, अमक्या गावी औषध देतात, असे सल्ले सुरू झाले. ते मी फेटाळून लावले. कारण मेंदूतले दुखणे चोळून जात नाही आणि इथे घटकेघटकेला वाटा बुजतात, हे मला त्याच खुर्चीवरून शिकवले गेले होते. एका वकिलाची गाडी होती, तीत घालून आम्ही थेट जालना गाठले. वाटेत व्याह्यांनी गड्डा हातातून सोडला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले की, इतक्या लवकर कोणाच्या लक्षात आले. मी म्हणालो, पेशंटच्याच.

वेळेत नेल्यामुळे जीव वाचला. हात परतला, पाय परतला. आज ते स्वतःच्या पायांनी भाजीला जातात. शब्द तेवढे परतले नाहीत. परतला तो एकच, "बराबर." पाणी हवे असले तरी बराबर, नको असले तरी बराबर. जालन्यात मस्तगड भागात एक बाई बोलणे शिकवतात, त्यांच्याकडे आम्ही त्यांना नेतो. त्या सांगतात की अशा दुखण्यात एखादाच शब्द हाती राहतो, आत समज शाबूत असते, आणि पक्का रस्ता तुटला तरी बांधाबांधाने नवी वाट पडू शकते. पण चालत राहावे लागते. हे ऐकून मला भरून आले, कारण पायवाटेचा दाखला मी दुसऱ्यांदा ऐकत होतो आणि सांगणारे पहिले गृहस्थ शेजारी बसून "बराबर" म्हणत होते.

नात आता बोलू लागली आहे. बाईंनी दिलेली चित्रे समोर पसरून आजोबा आणि नात सतरंजीवर बसतात. ती गायीला काऊ म्हणते, आजोबा म्हणतात बराबर. ती कावळ्यालाही काऊ म्हणते, तेही बराबर. आपला प्रत्येक शब्द मंजूर होतो हे कळल्यामुळे ती दिवसभर बोलते, आणि तिच्या वाटा अशा पडत आहेत, की विहीणबाई म्हणतात, "एक बोलणारा बसला, तर दुसरी उठली." एवढे म्हणून त्या आत निघून जातात.

माझी अडचण निराळी आहे. मला मंजुरीची सवय नाही. म्हणून गेले काही आठवडे मी रोज त्यांच्यासमोर जाणूनबुजून चुकीची विधाने करीत आहे. सर, बुद्धी पोटात असते. बराबर. सर, माझे डोके मोठे म्हणून मी हुशार. बराबर, आणि डोळ्यांत किंचित त्रास. परवा मी फुलकोबीचा गड्डा नेला, देठ वर करून त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो की, हा फुलोरा श्वास चालवतो आणि हे देठ विचार करते.  त्यांनी गड्डा माझ्या हातातून काढून घेतला, सुलटा केला, देठ खाली करून माझ्या तळहातावर नीट ठेवला, आणि माझी बोटे त्याभोवती मिटून म्हणाले, "बराबर."

सबब, गैरअर्जदारांस नम्र विनंती की, त्यांनी हाताने घेतलेली ही हरकत तोंडी कायम करावी. अर्जदाराच्या कोणत्याही एका विधानास, त्यांच्या सवडीने आणि त्यांना जमेल त्या वाटेने, "साफ चूक" एवढे लेखी नव्हे तर बोलून उत्तर द्यावे. दोन शब्द जड जात असतील तर "चूक" एवढा एकही चालेल. या अर्जास मुदतीची कोणतीही अट नाही. कोर्ट बंद झाल्यावरही अर्जदार शेडमध्ये थांबतो, आणि पक्षकाराची खुर्ची सध्या पक्षकारास दिली जात नाही.

उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला इवाई